वाऱ्यात टिकेल असा चष्मा

विक्रमचा घोटा क्रिकेट खेळताना मोडला आणि त्यामुळे विमानातली एक जागा रिकामी झाली. विक्रम हा सौरभचा ऑफिसातला मित्र. दोघांनी मिळून स्कायडायव्हिंगचं बुकिंग केलं होतं. जानेवारीतला एक रविवार, सोलापूर रस्त्याला पार पुढे एक खासगी धावपट्टी, तिथून विमानानं वर जायचं आणि प्रशिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी बांधून घेऊन उडी टाकायची. आता विक्रम पायाला प्लास्टर घालून घरी पडला होता, आणि सौरभ मांजरीच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून मोबाईलवर एकेका मित्राला विचारत होता. कुणाचं लग्न होतं, कुणाचं ऑफिसात रिलीज होतं, एकाच्या आईनं सरळ नाही म्हटलं होतं.

"मी येते," आम्रपाली म्हणाली.

ती भेंडी चिरत होती. सौरभनं मान वर न करताच विचारलं, "कुठे?"

"उडी मारायला. विक्रमच्या जागी."

आता त्यानं मान वर केली आणि हसला. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरतं घेतलं. आम्रपाली गंमत करत असली की तिची एक भुवई उडायची, आणि आत्ता ती भुवई जागच्या जागी होती.

आम्रपाली ओव्हाळ इरिगेशनमध्ये उपअभियंता होती. पन्नाशी ओलांडलेली, पण गुडघे अजून शाबूत. कालव्याच्या कडेनं स्वतः चालत गेल्याशिवाय बाई कुठल्या कामावर सही करत नाहीत, अशी खात्यात तिची ख्याती होती, आणि हाताखालचे लोक त्यावरून कुरकुरतही असत. धरणाच्या भिंतीवर, जलसेतूच्या अरुंद कठड्यावर ती भर वाऱ्यात उभी राहिली होती. उंचीचं तिला काही वाटत नसे. अडचण एकच होती आणि ती सौरभनं लगेच बोलून दाखवली.

"आणि चष्मा?"

चष्म्याचा नंबर होता मायनस अकरा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पहिलीत बाईंनी तिला 'ढ' ठरवून मागच्या बाकावर बसवलं होतं. मग वडील, तात्याराव, तिला सायकलच्या दांडीवर बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तेव्हापासून चष्मा उशाशी ठेवल्याशिवाय ती कधी झोपली नाही. तो काढला की वीतभर अंतरापलीकडचं सगळं विरघळून जायचं.

"उडीवाल्यांनाच विचार ना फोन करून," सौरभ म्हणाला. प्रकरण तिथेच मिटेल, असा त्याचा अंदाज असावा.

फोन घेतला तो समर्थ नावाच्या मुख्य प्रशिक्षकानं. सैन्यातून निवृत्त झालेला, कामापुरतं बोलणारा माणूस. त्यानं नीट समजावून सांगितलं. उडी मारल्यावर वारा इतक्या जोरात तोंडावर येतो की उघड्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागतात आणि काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून गॉगल प्रत्येकालाच लागतो. चेहऱ्याला घट्ट बसणारा, मऊ कडांचा, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला, न फुटणाऱ्या प्लास्टिकचा. काच चालत नाही. चष्मेवाल्यांसाठी वरून चढवायचा मोठा गॉगल असतो.

"नंबर काय आपला?"

"मायनस अकरा."

समर्थनं आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"मॅडम, बरेच जण चष्मा काढूनच उडी मारतात. प्रशिक्षक पाठीशी असतो. तुम्हाला काही बघावं लागत नाही."

"मला बघायचंय."

"मग तसं करू. मोठा गॉगल कुरिअरनं पाठवतो, तुमच्या चष्म्यावर बसतोय का बघा. आणि आणखी एक. एवढ्या नंबरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे. त्याशिवाय मी उडी मारू देणार नाही."

फोन ठेवल्यावर आम्रपालीला जाणवलं, 'मला बघायचंय' हे आपण जरा तडकूनच म्हणालो. त्याला कारणं होती. हरिहरेश्वरला ती समुद्रात उतरली तेव्हा चष्मा होता नवऱ्याच्या खिशात, आणि समुद्र म्हणजे नुसता राखाडी आवाज. सौरभ झाला तेव्हा तर ऑपरेशनच्या टेबलावर घेण्याआधीच नर्सनं चष्मा काढून कुठेतरी ठेवून दिला होता. "मुलगा आहे, बघा," म्हणत कुणीतरी एक गुलाबी धब्बा तिच्यासमोर धरला आणि ती "हो, छान आहे" म्हणाली. चष्मा मागायचा तिला संकोच वाटला. मुलाचं तोंड तिनं पाहिलं ते संध्याकाळी, तोवर सगळ्या नातेवाइकांचं बघून झालं होतं.

नवरा चंद्रपूरला बदलीवर होता. त्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि "सौरभला सांभाळून ने" एवढंच म्हणाला.

गॉगल आला. पोहणाऱ्यांच्या गॉगलच्या तिप्पट मोठा, पारदर्शक, कडेला स्पंजाची पट्टी आणि वरच्या बाजूला वाफ बाहेर जायला बारीक भोकं. आम्रपालीनं तो चष्म्यावर चढवला आणि आरशात पाहिलं. तिला स्वतःत वेल्डिंगवाला दिसला.

"बसतोय," सौरभ म्हणाला.

"दिवाणखान्यात बसतोय. वाऱ्यात बघायला पाहिजे."

म्हणून रविवारी सकाळी दोघं मोटरसायकलवरून लोणी काळभोरच्या बाजूला निघाले. गर्दी संपून दोन्ही बाजूंना ऊस लागला तेव्हा सौरभनं वेग वाढवला. आम्रपाली मागे बसली होती. हेल्मेट तिनं मुद्दाम उघड्या तोंडाचं घातलं होतं. ती एका बाजूला वाकली आणि तोंड वाऱ्यात धरलं. उजवा डोळा ठीक होता. डाव्या कानाच्या बाजूनं मात्र गार हवेची सुरी आत शिरली, डोळ्यातून पाणी गळायला लागलं, आणि थोड्याच वेळात चष्म्याच्या भिंगावर आतून धुकं जमलं.

"आई, डोकं आत घे! लोक बघतायत!"

"बघू दे. आणखी पळव."

परत फिरताना ते एका बांधाशी थांबले. ऊस तोडणाऱ्या बायका कडेला न्याहारी करत होत्या. त्यातली एक वयस्कर बाई आम्रपालीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय झालं वो बाई डोळ्याला? आप्रेशन हाय व्हय?"

"नाही हो. विमानातून उडी मारायचीय."

बाईनं तोंडातला घास संपवला, सौरभकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "ह्यो ढकलणार हाय का?"

बायका खो खो हसल्या. आम्रपालीही हसली, पण तिचा हात डाव्या कानामागे चाचपत होता. जिथून चष्म्याची काडी कानाकडे जाते तिथे स्पंज कातडीवर टेकतच नव्हता. करंगळीएवढी फट राहत होती. बांध कुठे फुटणार हे कळलं की अर्धं काम झालं, असं ती ज्युनियर लोकांना नेहमी सांगायची. इथे काडीच नको होती.

पुढच्या शनिवारी ती सौरभला घेऊन बुधवार पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात गेली. सौरभलाही स्वतःसाठी काळा गॉगल घ्यायचा होता. उडीचा व्हिडिओ काढतात, त्यात बरं दिसायला हवं ना. दुकानाचे मालक काउंटरमागे वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि पान उलटलं.

"विमानातून उडी मारताना घालायचा चष्मा पाहिजे," आम्रपाली म्हणाली.

"आमच्याकडे जमिनीवरचे मिळतात."

"तोच चालेल. फक्त काड्या नकोत."

मालकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. तिनं कागदावर काढून दाखवलं. लहान गोल भिंगं, कारण जितकं लहान तितकी कडेची जाडी कमी. हलकी फ्रेम. काड्यांऐवजी डोक्यामागून जाणारी पातळ इलॅस्टिकची पट्टी, जी गॉगलच्या स्पंजाखालून सपाट जाईल. भिंगं प्लास्टिकची.

"लहान मुलं खेळताना घालतात तशी फ्रेम लागेल," मालक म्हणाले. "निळी किंवा गुलाबी. आपल्याला कुठली शोभेल?"

"वर कोण बघणारे? निळी."

तेवढ्यात सौरभनं एक काळा गॉगल चढवून आरशासमोर मान वळवून पाहिली. चेहऱ्याला लपेटून जाणारा, आरशासारख्या भिंगांचा.

"हा उडीला चालेल का हो?"

"फोटोला चालेल," मालक म्हणाले.

त्यानं घेतला.

आता राहिले डॉक्टर. आम्रपालीनं हे काम शेवटी ठेवलं होतं, त्याचं कारण तिला ठाऊक होतं. एवढ्या नंबरच्या माणसानं दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो. तिचं कोविडच्या आधीपासून राहून गेलं होतं. गेल्या काही महिन्यांत डाव्या डोळ्यासमोर मधूनच एक काळी माशी तरंगायची. माशी म्हणून ती हातानं उडवायचा प्रयत्न करायची आणि विसरून जायची.

डॉक्टर नीरजा तिच्याच वयाच्या होत्या, मोजकं आणि मऊ बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायला बाहेर बसवलं, मग आत घेऊन स्वतःच्या डोक्याला दिवा बांधला आणि बराच वेळ डाव्या डोळ्यात बघत राहिल्या.

"वर बघा. आता उजवीकडे. खाली. पुन्हा वर."

दिवा विझवून त्या स्टुलावर बसल्या.

"आम्रपालीताई, कशासाठी आला होतात म्हणालात?"

"उडीसाठी. गॉगलच्या आत लेन्स घालावी की चष्मा, तेही विचारायचं होतं."

"ते बाजूला ठेवू. डाव्या डोळ्याचा पडदा एका कडेला विरलाय आणि तिथे एक छोटं छिद्र पडलंय. पडदा अजून जागेवर आहे. पण छिद्रातून पाणी मागे गेलं तर तो सुटतो, आणि मग मोठं ऑपरेशन. आज लेसर करून त्याच्याभोवती कडं घालून टाकू."

"आज?"

"आज."

आम्रपालीला वाटलं होतं, अशा वेळी पायांखालची जमीन वगैरे सरकते. तसं काही झालं नाही. तिच्या डोक्यात आलं ते एवढंच, की पाणी मागे गेलं की भिंत सुटते, हे आपण किती वेळा लोकांना समजावलंय.

"आणि उडी?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "पॅराशूट उघडतं तेव्हा जोरात झटका बसतो. या डोळ्यांना तो नको. या जानेवारीत नाही, आणि खरं सांगायचं तर नंतरही मी हो म्हणणार नाही. पण एक सांगते. उडीचं निमित्त झालं नसतं तर तुम्ही इतक्यात आला नसता."

लेसर फार वेळाचं नव्हतं. हिरवे लखलखाट, डोक्यात कुठेतरी टोचल्यासारखं, की झालं. बाहेर सौरभ उभा होता. तिच्या बाहुल्या अजून मोठ्याच होत्या आणि रस्त्यावरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. त्यानं आपला नवा काळा गॉगल तिच्या चष्म्यावर कसाबसा टेकवला. तो घसरत होता. एका हातानं तो धरून ठेवत ती रिक्षात बसली.

घरी आल्यावर ती आडवी झाली आणि मग मात्र तिला रडू आलं. डोळ्याचं तिला तेवढं वाटलं नाही, तो वाचला होता. उडीचं वाईट वाटत होतं. या वयात एखाद्या गोष्टीसाठी इतकं हावरं होता येतं, याचंच तिला नवल वाटत होतं. सौरभ दारात येऊन उभा राहिला.

"मी पण रद्द करतो," तो म्हणाला.

"कशाला? तुझ्या पडद्याला काय झालंय?"

"तसं नाही, पण..."

"रद्द केलंस तर बघ." तिनं नाक पुसलं. "फोन दे इकडे."

तिनं समर्थला सगळं सांगितलं. मग विचारलं, "उडी मारायची नाही, पण विमानातून वर यायचं, असं चालतं का?"

"चालतं. पायलटच्या मागे, पट्टा बांधून. डॉक्टरांना एकदा विचारा. पण दार उघडल्यावर वारा आत येतो मॅडम. गॉगल लागेलच."

"गॉगल आहे," आम्रपाली म्हणाली.

डॉक्टर नीरजांनी पुन्हा तपासून बसून जायला हरकत नाही म्हटलं. जड उचलायचं नाही, वाकून धडपडायचं नाही. निळी फ्रेम तयार होऊन आली. दोघं पुन्हा एकदा मोटरसायकलवरून उसातल्या रस्त्यावर गेले, अगदी हळू, खड्डे चुकवत. कानाकडची फट बंद झाली होती. धुकं मात्र थोडं जमत होतं, मग तिच्या लक्षात आलं की स्कार्फ नाकावर आहे म्हणून श्वास वर जातोय. स्कार्फ काढल्यावर तेही गेलं.

त्या रविवारी धावपट्टीवर चांगलीच थंडी होती. सौरभनं लाल जम्पसूट चढवला, पट्टे आवळून घेतले आणि खिशातून काळा गॉगल काढला. समर्थनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला.

"याला मागे पट्टा नाही."

"घट्ट बसतो सर."

"हा वर राहील आणि तू खाली येशील." समर्थनं तो आम्रपालीच्या हातात ठेवला आणि सौरभला एक साधा पारदर्शक गॉगल दिला. "आणि काळं भिंग मी पहिल्या उडीला देत नाही. तुझे डोळे मला दिसले पाहिजेत. घाबरलायस की हसतोयस, ते कळायला."

विमान लहान होतं, आतून पत्र्याच्या टपरीसारखं. आम्रपालीला पायलटच्या मागे पट्ट्यानं बांधून बसवलं होतं. समोर सौरभ, त्याच्या पाठीला चिकटलेला समर्थ. वर जाताना सौरभ बराच वेळ बडबडत होता, मग पट्टे पुन्हा पुन्हा चाचपायला लागला. त्याच्या गालावरचा स्नायू हलत होता. लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत असाच हलायचा.

समर्थनं खूण केली, सगळ्यांनी गॉगल चढवले. आम्रपालीनं स्पंजाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. दार उघडलं.

आवाज आधी आला, मग गारवा. वारा तिच्या गालांवर आदळला, ओठ हलले, कानांत नुसता गजर. डोळे मात्र कोरडे होते. दोन्ही. भिंगं स्वच्छ होती. दाराच्या चौकटीत सौरभचे पाय बाहेर लोंबकळताना दिसले, त्याच्या बुटाची सुटत आलेली नाडी दिसली. तिनं "नाडी!" असं ओरडून पाहिलं, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. समर्थ पुढे झुकला, आणि चौकट रिकामी झाली.

पट्टा ताणला जाईल तेवढी ती पुढे झाली. तिचा मुलगा खाली होता. आधी उलटा वळला, क्षणभर त्याचं तोंड तिच्या बाजूला आलं, मग पोटावर झाला, हात पसरले. त्यांच्या मागे वेग आवरणारी एक छोटी छत्री निघाली. मग तो लाल ठिपका, मग टाचणीचं डोकं, मग काही नाही.

नंतर तिनं बाकीचं पाहिलं. उसाचे चौकोन, धरणाचं पसरलेलं पाणी, महामार्गावरचे ट्रक. आणि कालवा. त्या कालव्याच्या कडेनं ती कितीतरी मैल चालली होती, त्याचे नकाशे तिला पाठ होते, पण सबंध असा तो तिनं कधीच पाहिला नव्हता. एका वळणाच्या खालच्या अंगाला शेत नव्हतं तिथेही गडद हिरवा पट्टा होता. इथे पाणी गळत होतं. उन्हात त्या पट्ट्याची शेपूट पार ओढ्यापर्यंत गेलेली दिसत होती. तिला हसू आलं.

विमान उतरलं तेव्हा पॅराशूट अजून हवेत होतं. ती शेताच्या कडेला जाऊन उभी राहिली. सौरभ ढुंगणावर आपटून उतरला, धुळीत थोडा फरफटला आणि उठून दोन्ही हात वर केले. तिच्याजवळ आला तेव्हा त्याचं तोंड गारठून लाल झालं होतं, आणि तो इतका हसत होता की त्याला बोलता येत नव्हतं. तिनं त्याला मिठी मारली नाही, वाकून धडपडायचं नव्हतं. त्यानंच तिला मारली.

गाडीत बसल्यावर तिनं आधी कालवा निरीक्षक भैरूला फोन करून कालवा गळतोय, उद्या सकाळी त्या वळणाशी ये, असं सांगितलं. "रविवारी तुम्हाला कुठनं कळलं मॅडम?" त्यानं विचारलं. "वरून आदेश आलाय," ती म्हणाली.

सौरभ गाडी चालवत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "आई, एक सांगू? कुणाला बोलू नकोस. उडी मारली तेव्हा माझे डोळे गच्च मिटलेले होते. समर्थसरांनी खांद्यावर थापटलं तेव्हा उघडले. सुरुवातीचं मी काहीच पाहिलं नाही."

"मी पाहिलं ना."

"कसं होतं?"

"आधी तू उलटा झालास. भोपळ्यासारखा. तोंड माझ्याकडे होतं."

सौरभनं गाडी जरा हळू केली आणि रेडिओ बंद केला.

"मग?"